बुद्धजन्मभूमी नेपाळ : डोंगर, पाणी आणि शेजार



तथागत भगवान बुद्धांचा जन्म लुंबिनी वनात झाला, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. पण लुंबिनी ज्या देशात आहे त्या देशाची जमीन कशी, तेथे पाऊस किती, नद्या कोठून येतात व कोठे जातात, असे विचारले तर आपण मोठी माणसेही गप्प बसतो. बुद्धवंदना आपल्याला पाठ आहे, नकाशा मात्र आपण उघडलेला नाही. काही चित्रांत लुंबिनीच्या शालवृक्षांमागे लगेच बर्फाची शिखरे रंगवलेली असतात. ती पाहून भगवान बुद्ध बर्फाच्या डोंगरात जन्मले, असा समज मनात घट्ट होतो. तो समज चुकीचा आहे.

या देशाशी आपले दुसरेही नाते आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रकृती अत्यंत खालावलेली असतानाही नोव्हेंबर महिन्यात काठमांडूला गेले. जागतिक बौद्ध भ्रातृत्व संघाची चौथी परिषद तेथे भरली होती. २० नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. हा त्यांचा अखेरचा परदेश प्रवास. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणून नेपाळचा भूगोल हा आपल्यासाठी केवळ परीक्षेतील पाच गुणांचा प्रश्न राहत नाही.

हा अभ्यास आपण हरसूलच्या मातीवर उभे राहूनच करणार आहोत. कारण आपणही डोंगरातली माणसे आहोत. डोंगरात पाणी पडते पण टिकत नाही, आणि खाली जाणारी वाट दुसऱ्याच्या गावातून जाते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

स्थान आणि विस्तार

नेपाळ हा भारत आणि चीन या दोन मोठ्या देशांच्या मध्ये बसलेला देश आहे. उत्तरेस चीनच्या ताब्यातील तिबेट. पूर्वेस, दक्षिणेस व पश्चिमेस भारत. सिक्कीम, पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड ही आपली पाच राज्ये नेपाळला लागून आहेत. देशाचा आकार आडव्या ठेवलेल्या विटेसारखा आहे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८८५ कि.मी. व दक्षिणोत्तर सरासरी रुंदी सुमारे १९३ कि.मी. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४७ हजार चौ. कि.मी. आहे. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौ. कि.मी.हून अधिक, म्हणजे नेपाळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे २ कोटी ९२ लाख आहे. २००८ साली तेथील राजेशाही संपली व देश प्रजासत्ताक झाला. २०१५ च्या राज्यघटनेने देशाचे सात प्रदेश करण्यात आले, त्यांपैकी एकाचे नावच लुंबिनी प्रदेश असे आहे.

तीन पायऱ्यांचा देश

दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेल्यास नेपाळमध्ये तीन मोठ्या पायऱ्या लागतात.

पहिली पायरी तराई. ही गंगेच्या मैदानाचीच उत्तरेकडील पट्टी आहे. सपाट, गाळाची, सुपीक जमीन. भात, गहू, ऊस येथे पिकतो. पूर्वेकडे झापा जिल्ह्यात तिची उंची समुद्रसपाटीपासून शंभर मीटरपेक्षाही कमी भरते. देशाच्या क्षेत्रफळात तराईचा वाटा पाव हिश्शाहूनही कमी आहे. परंतु २०२१ च्या जनगणनेत जवळजवळ ५४ टक्के लोक याच पट्टीत राहत असल्याचे आढळले. म्हणजे ज्या देशाला आपण पर्वतांचा देश म्हणतो, त्याची निम्म्याहून अधिक प्रजा सपाटीवर राहते.

दुसरी पायरी पहाड. तराई संपली की आधी चुरे, म्हणजे शिवालिकाच्या ठिसूळ टेकड्या लागतात. त्यामागे महाभारत नावाची डोंगररांग, आणि तिच्या मागे खोरी व डोंगरउतार. येथे उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते काढलेली असतात. पाटाच्या पाण्याखालील शेताला तेथे खेत म्हणतात व पावसावर पिकणाऱ्या शेताला बारी म्हणतात. बारीत मका आणि कोदो पिकतो. कोदो म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली नागलीच! ज्या पिठाची आपल्याकडे भाकरी होते, त्याचाच तेथे ढिंडो शिजवतात. काठमांडू व पोखरा ही खोरी याच पट्ट्यात येतात. काठमांडूच्या खोऱ्यात प्राचीन काळी मोठे सरोवर होते, हे भूशास्त्राने मान्य केले आहे. तळ्याचा गाळ साचल्याने तेथील जमीन कसदार झाली.

तिसरी पायरी हिमाल. जगातील आठ हजार मीटरहून उंच अशा चौदा शिखरांपैकी आठ शिखरे नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर आहेत. सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट, याची उंची २०२० साली नेपाळ व चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर अशी जाहीर केली. परंतु या उंच पट्ट्यात देशाचे जेमतेम ६ टक्के लोक राहतात.

विद्यार्थ्यांनी उंचीची तुलना पुढीलप्रमाणे लक्षात ठेवावी. आपला ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर उंच आहे, कळसूबाई १,६४६ मीटर. काठमांडू शहर सुमारे १,४०० मीटरवर वसलेले आहे. म्हणजे नेपाळची राजधानी ब्रह्मगिरीच्या माथ्यापेक्षा थोडी वर आणि कळसूबाईपेक्षा खाली आहे. आणि लुंबिनी? ती तर तराईत, रुपन्देही जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून शंभर-दीडशे मीटरवरच आहे. नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर आहे. भगवान बुद्धांचे जन्मस्थान आपल्या नाशिकपेक्षाही कितीतरी सखल भागात, भारताच्या सीमेपासून जवळच, भातशेतीच्या मुलखात आहे. सिद्धार्थाच्या पित्याचे नाव शुद्धोदन. ओदन म्हणजे भात. हे नाव तराईच्या त्या भातशेतीला शोभणारेच आहे.

लुंबिनीची जागा नक्की झाली ती १८९६ साली, अशोकस्तंभ सापडल्यामुळे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी तेथे स्वतः येऊन वंदन केले व त्या गावाचा कर कमी केला, असे स्तंभावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. १९९७ साली युनेस्कोने लुंबिनीला जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली.

एके काळचा समुद्रतळ

आज ज्या देशाला समुद्र नाही, तो प्रदेश एके काळी समुद्राचा तळ होता. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशिया खंडाला धडकू लागला. मधल्या टेथिस समुद्राच्या तळावरचे थर दुमडून वर आले, तोच हिमालय. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडक समुद्रात बनलेला चुनखडक आहे. काली गंडकी नदीत सापडणारा व लोक देव म्हणून पूजतात तो शाळिग्राम हा अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म असतो. हे कारण माहीत झाले म्हणजे दगडाबद्दलची भीती जाते आणि कुतूहल उरते.

ही धडक अजून थांबलेली नाही. त्यामुळेच तेथे भूकंप होतात. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ रिश्टरच्या आसपासच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आपला सह्याद्री मात्र धडकेतून झालेला नाही. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. म्हणून आपला काळा कातळ हिमालयाहून वयाने मोठा.

पाऊस आणि नद्या

नेपाळचा सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पोखऱ्याजवळील लुम्ले येथे वर्षाला पाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस होतो, तर अन्नपूर्णा पर्वताच्या पाठीमागे मुस्तांगच्या वरच्या भागात तीनशे मि.मी.ही होत नाही. डोंगराने ढग अडवले की पुढे कोरडे, याला पर्जन्यछाया म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबक-इगतपुरीला पावसाची झड लागलेली असते, तेव्हा सिन्नर-येवल्याचा शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. कारण तेच आहे.

कोशी, गंडकी, कर्णाली व महाकाली या नेपाळच्या प्रमुख नद्या. सर्व नद्यांचे पाणी शेवटी गंगेला मिळते. उन्हाळ्यात गंगेत जे पाणी असते त्यात नेपाळमधून येणाऱ्या नद्यांचा वाटा फार मोठा आहे. एवढे पाणी असूनही पहाडातल्या गावांत उन्हाळ्यात झरे आटतात आणि बायाबापड्या उतार चढून पाणी आणतात. नदी दरीच्या तळाशी वाहते आणि गाव वर डोंगराच्या सोंडेवर असते. नदी दिसते, पण घागर भरत नाही.

हे चित्र आपल्याला नवे नाही. हरसूल परिसरात पावसाळ्यात नदी-ओहोळ दुथडी वाहतात. ते सारे पाणी उतरत्या कातळावरून दमणगंगेला आणि तिच्या वाघ या उपनदीला मिळते व दमणजवळ अरबी समुद्रात जाते. पलीकडे ब्रह्मगिरीवर पडणारे पाणी गोदावरीतून १,४६५ कि.मी. प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच डोंगराच्या दोन अंगांचे पाणी दोन समुद्रांना जाते, आणि डोंगरावरच्या पाड्यात एप्रिल-मे महिन्यात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावे लागते. दमणगंगेवरील मधुबन धरणाचे पाणी गुजरात, दादरा-नगर हवेली व दमण या भागांना मिळते. आपल्या जिल्ह्यातील ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी मुंबई पिते. पाऊस आपल्या डोंगरावर पडतो, नळ दुसऱ्याच्या दारी असतो. नेपाळलाही हेच वाटते.

भूवेष्टित देशाची अडचण

ज्या देशाला समुद्रकिनारा नाही, चारही बाजूंनी जमीनच आहे, त्याला भूवेष्टित देश म्हणतात. जगात असे चाळीसहून अधिक देश आहेत. समुद्रमार्गे येणारा माल सर्वांत स्वस्त पडतो. नेपाळचा माल कोलकात्याच्या बंदरात उतरतो आणि सीमेवरच्या रक्सौलपर्यंत सुमारे सातशे कि.मी. रेल्वेने वा ट्रकने येतो, मग पलीकडे बिरगंजला जातो. पुढे डोंगर चढायचा तो वेगळाच. काठमांडूला मैदानातून मोटार जाऊ शकेल असा पहिला रस्ता, त्रिभुवन राजपथ, १९५६ च्या सुमारास, म्हणजे बाबासाहेब तेथे गेले त्याच काळात तयार झाला. त्यापूर्वी श्रीमंतांच्या मोटारी माणसे खांद्यावरून डोंगर ओलांडून नेत असत.

उत्तरेस हिमालयाची भिंत असल्याने नेपाळचा बहुतेक व्यवहार दक्षिणेच्या दारातूनच होतो. ते दार बंद झाले तर काय होते, हे दोनदा दिसले. मार्च १९८९ मध्ये भारताबरोबरचे व्यापार व मालवाहतुकीचे करार संपले व नवे करार झाले नाहीत. सीमेवरील बहुतेक नाकी वर्षभराहून अधिक काळ बंद राहिली. दुसरा प्रसंग सप्टेंबर २०१५ मध्ये, नव्या राज्यघटनेनंतर आला. भूकंपातून सावरत नाही तोच सुमारे पाच महिने इंधन, गॅस व औषधांची टंचाई झाली. नेपाळ सरकारने ही भारताने केलेली नाकेबंदी म्हटले. भारत सरकारने तो आरोप नाकारला व तराईतील मधेशी आंदोलनामुळे वाहतूक अडली असे सांगितले. दोष कोणाचा, हा वाद बाजूला ठेवला तरी चुली विझल्या त्या सामान्य माणसाच्या, हे दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते.

मग भूवेष्टित असणे म्हणजे दारिद्र्य कपाळी लिहिलेले असणे काय? तसे नाही. स्वित्झर्लंडही डोंगराळ व भूवेष्टित आहे. तरी तो जगातील श्रीमंत देशांत गणला जातो. बासेल येथे ऱ्हाइन नदीचे बंदर आहे, तेथून बोटी थेट समुद्रापर्यंत जातात. त्या नदीवर सर्वांना मोकळी वाहतूक असावी, असा करार नदीकाठच्या देशांनी १८६८ सालीच मानहाइम येथे केला. डोंगर तेथेही हलला नाही. शेजाऱ्यांनी आपसातला व्यवहार लिहून ठेवला आणि तो पाळला.

रोहिणीचे पाणी

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येतो. शाक्य आणि कोलिय या दोन गणांच्या मधून रोहिणी नावाची नदी वाहत होती. ही नदी आजही आहे. ती नेपाळच्या चुरे टेकड्यांत उगम पावते व गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. दोन्ही गण तिच्या पाण्यावर शेती करीत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून त्यांच्यात भांडण लागे. थोडा विचार केला तर यात भूगोल आहे. डोंगरातून येणारी नदी पावसाळ्यात भरते आणि पिकाला गरज असते तेव्हा रोडावते. तराईच्या भातशेतीला वेळेवर पाणी हवे. म्हणून भांडण.

बाबासाहेबांनी आपल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण याच पाण्यात दाखवले आहे. शाक्यांच्या सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती बहुमताने फेटाळली गेली. युद्धात भाग घेण्यापेक्षा त्याने परिव्रज्या पत्करली. पुढे शाक्य व कोलिय यांनी प्रतिनिधी निवडून पाण्याच्या वाटपासाठी कायमचे लवाद मंडळ नेमल्याचे वर्तमान त्याला कळते, असेही त्या ग्रंथात आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडतो, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. बाबासाहेबांनी आपल्यापुढे पाण्याच्या तंट्यावर विचार करणारा नागरिक उभा केला.

बाबासाहेबांना हा विषय केवळ ग्रंथातला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, ते पाण्यावरील माणसाच्या हक्कासाठी. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे योजनेच्या वेळी त्यांनी बंगाल व बिहार या दोन प्रांतांना एकत्र बसवून संपूर्ण खोऱ्याचा विचार करायला लावला. नदी प्रांताची शीव पाहून वाहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आजची रोहिणी

शाक्य-कोलियांचा तंटा मोठ्या प्रमाणात आजही चालू आहे. कोशी नदीवर भारत व नेपाळ यांच्यात १९५४ साली करार झाला, गंडकीवर १९५९ साली, महाकालीवर १९९६ साली. नेपाळमध्ये पुष्कळांना वाटते की या करारांत आपल्याला कमी मिळाले. बिहारच्या शेतकऱ्याला वाटते की नेपाळचे पाणी आपले घर बुडवते. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोशीचा बांध फुटला. आधी नेपाळची गावे बुडाली, मग बिहारची. पाण्याने पासपोर्ट पाहिला नाही.

चांगली बाजूही आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत काठमांडूत हिवाळ्यात दिवसातले अनेक तास वीज नसे. नंतर जलविद्युत प्रकल्प पुरे झाले. ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प २०२१ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी नेपाळ भारताच्या वीजबाजारात वीज विकू लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची वीज भारताच्या तारांवरून प्रथमच बांगलादेशात पोचली. त्यासाठी तिन्ही देशांनी मिळून करार केला होता. समुद्र नसलेल्या देशाने आपले पाणी विजेच्या रूपाने शेजाऱ्याच्या अंगणातून तिसऱ्याच्या घरी पोचवले. डोंगर तेच, नद्या त्याच. बदलली ती बसून बोलण्याची रीत.

आपण काय घ्यावे

पहाडातील तरुण गाव सोडून आखाती देशांत, मलेशियात, भारतात कामाला जातात. त्यांनी घरी पाठवलेला पैसा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका भरतो. आपल्याकडेही भात-नागली निघाली की घराला कुलूप लावून माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर राहते. डोंगरात राहिलो म्हणून मागे राहिलो, असे आपण मुलांना सांगतो. आमचे म्हणणे असे की मुलांना हे सांगणे आता थांबवावे. डोंगराचा दोष नाही. उतारावर बांध न घालणे, झऱ्याच्या वरचे जंगल न राखणे, विहिरीवर आधी कोण या वादात वर्ष घालवणे आणि पाण्याच्या ग्रामसभेला गैरहजर राहणे हे आपले दोष आहेत, आणि ते आपल्या हातचे आहेत. त्याचबरोबर आपल्या डोंगरावरचे पाणी बाहेर नेण्याच्या योजना होतील तेव्हा आधी आमच्या पाड्याचा वाटा लिहून द्या, असे सनदशीर मार्गाने, अभ्यास करून मागणे हाही आपला हक्क आहे.

भूगोल आपण बदलू शकत नाही. शेजारीही बदलता येत नाही. शेजाऱ्याशी पाणी आणि वाट यांचा व्यवहार कसा करावा, हे मात्र ठरवता येते. दोघे इकडचे, दोघे तिकडचे आणि पाचवा सर्वांनी निवडलेला, ही रोहिणीकाठची सूचना पुढच्या उन्हाळ्यात आपल्या पाड्याच्या विहिरीवर करून पाहण्यासारखी आहे. लुंबिनीला धम्मयात्रेस जाता आले तर जरूर जावे. नाही जमले तरी ही सूचना अमलात आणणे ही त्याच तोलाची वंदना ठरेल, असे आम्हाला वाटते.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. नेपाळचा आराखडा काढून तराई, पहाड व हिमाल हे पट्टे वेगवेगळ्या रंगांनी दाखवा. लुंबिनी, काठमांडू, बिरगंज ही ठिकाणे भरा.

२. लुम्ले व मुस्तांग येथील पावसात एवढा फरक का? नाशिक जिल्ह्यातील उदाहरण देऊन लिहा.

३. भूवेष्टित देश म्हणजे काय? नेपाळ व स्वित्झर्लंड यांची तुलना करा.

४. आपल्या पाड्यावर पडलेले पावसाचे पाणी ओहोळापासून समुद्रापर्यंत कोणत्या वाटेने जाते, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

५. आपल्या विहिरीवर पाण्याची पाळी कशी ठरते? ती अधिक न्याय्य कशी करता येईल? पाच जणांचा गट करून चर्चा करा व निर्णय वहीत लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!